'बरा होतो' असं कुठेच लिहिलं नव्हतं, तरी लिस्टिंग का उडाली?

प्रश्न थोडक्यात असा: "मी वनस्पतींचा चहा, मसाजचं तेल आणि मानेखाली घ्यायची उशी ऑनलाइन विकते. कुठेही 'रोग बरा होतो' असं लिहिलेलं नाही. खाली 'हे औषध नाही' अशी टीपही आहे. तरी तिन्ही लिस्टिंग, म्हणजे विक्रीची पानं, विक्री-संकेतस्थळाने 'प्रतिबंधित आरोग्य दावा' असं कारण देऊन काढल्या. आता लिहू तरी काय?"

तुम्ही दिलेला तिन्ही पानांचा मजकूर वाचला. 'बरा' हा शब्द खरंच कुठे नाही. पण चहावर 'शुगर ताब्यात ठेवायला मदत' आहे, तेलावर 'सांधेदुखीवर गुणकारी' आहे आणि उशीवर 'स्पॉन्डिलोसिसच्या त्रासात आराम' आहे. विक्रेत्यांची पानं आणि लेबलं छापण्याआधी तपासून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. 'मी बरा म्हटलंच नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पान उघडण्याआधीच ते कानात वाजतं.

संकेतस्थळाकडून वा सरकारकडून तपासणारा 'बरा' हा शब्द शोधत नसतो. वाचून झाल्यावर ग्राहकाच्या मनात काय उरतं, ते तो पाहतो. आणि इथे आपली भाषाच आपल्याला अडकवते. मराठीत औषध सांगायला 'वर' हे एवढंसं शब्दयोगी अव्यय पुरतं: खोकल्यावर, पित्तावर, गुडघेदुखीवर. 'सांधेदुखीवर तेल' एवढं लिहिलंत की उपचाराचा दावा पुरा झाला, पुढे 'गुणकारी' नसलं तरी. तसंच 'शुगर'चं. आपल्याकडे 'त्यांना शुगर आहे' म्हणजे मधुमेह आहे, 'बीपी आहे' म्हणजे उच्च रक्तदाब आहे. म्हणून 'शुगरवाल्यांसाठी' हे रोगाचं नावच झालं. 'गुण येतो', 'उतार पडतो', 'पोटाच्या तक्रारी', 'जुनाट त्रास' हे सगळे शब्द आजारपणातूनच आलेत. बोलताना ते निरागस वाटतात, लिस्टिंगवर ते दावे असतात.

'मदत' या शब्दावर तर लोकांची फार श्रद्धा. 'मधुमेह बरा करतो' चालत नाही हे कळतं, मग 'मधुमेहात मदत करतो' लिहितात. वाक्यातून रोग गेला नाही, फक्त क्रियापद मऊ झालं. 'उपयुक्त ठरू शकतो', 'लाभदायक मानला जातो', 'परंपरेने वापरला जातो' ही त्याचीच भावंडं. क्रियापद मऊ करण्यात वेळ घालवू नका, रोगाचं नाव काढा.

आता याच्या मागचं तत्त्व. ते एकदा डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. वस्तू औषध आहे की नाही, हे तिच्या घटकांइतकंच तुम्ही तिच्याबद्दल काय बोलता त्यावरही ठरतं. अमेरिकेच्या कायद्यात औषधाची व्याख्या 'कशासाठी अभिप्रेत आहे' यावर उभी आहे. युरोपच्या २००१ च्या औषधविषयक निर्देशानुसार रोगावर उपचार करणारा किंवा रोग टाळणारा म्हणून सादर केलेला कोणताही पदार्थ औषध ठरतो. म्हणजे साधं पाणी बाटलीत भरून 'मूतखड्यावर' असं लिहिलंत तर तुम्ही पाणी विकत नाही, विनापरवाना औषध विकता. उशीचंही तेच. युरोपच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमात 'अभिप्रेत उपयोग' ठरवताना लेबल, वापराच्या सूचना आणि विक्रीचा मजकूर तिन्ही धरले आहेत. तुमची उशी फोमची आहे तोवर उशी. 'स्पॉन्डिलोसिससाठी' म्हटलंत की ती वैद्यकीय उपकरण होण्याच्या रांगेत उभी राहते, आणि त्या रांगेतली कागदपत्रं तुमच्याकडे नाहीत.

हे फक्त छोट्यांना लागू होतं असंही नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चीरिओज हा ओट्सचा न्याहारीचा पदार्थ बनवणाऱ्या जनरल मिल्सला पत्र पाठवलं. खोक्यावर 'सहा आठवड्यांत कोलेस्टेरॉल ४ टक्के कमी करा' अशा अर्थाचा मजकूर होता. ओट्समधल्या विद्राव्य तंतूंबद्दल एक मर्यादित, मंजूर दावा आधीपासून होता. पण आठवडे आणि टक्के घालून केलेला दावा त्या मंजुरीच्या बाहेरचा, आणि असा दावा करणारी वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते, असं प्रशासनाचं म्हणणं. न्याहारीचा डबा औषध ठरू शकतो, तर चहाचं काय घेऊन बसलात.

मग काय बोलता येतं? मी मजकूर तीन थरांत वाचतो. सगळ्यात वर रोगाचे दावे: नाव, लक्षण, उपचार, प्रतिबंध. औषधाची मंजुरी नसेल तर हा थर जवळपास सगळीकडे बंद. मध्ये शरीराच्या कार्याचे दावे: पचन, प्रतिकारशक्ती, झोप, हाडं. हा थर देशागणिक बदलतो आणि सगळी गंमत इथेच आहे. सगळ्यात खाली वस्तूचे स्वतःचे गुण: चव, वास, पोत, घटक, माप, वापरायची रीत. इथे खरं बोला, एवढीच अट.

मधल्या थरात अमेरिका आणि युरोप दोन टोकांना आहेत. अमेरिकेत १९९४ च्या सप्लिमेंट (पूरक आहार) कायद्याने 'कॅल्शियम मजबूत हाडांसाठी' अशा वाक्यांना वाट दिली. पुरावा हाताशी हवा, बाजारात आणल्यापासून ३० दिवसांत प्रशासनाला कळवायचं, आणि लेबलवर ठराविक खुलासा छापायचा: या विधानाचं मूल्यमापन प्रशासनाने केलेलं नाही आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार, निवारण वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. तुमची 'हे औषध नाही' टीप याच खुलाशाची नक्कल आहे. पण हा खुलासा मधल्या थरातल्या दाव्याला लागतो, वरच्या थरातला दावा तो धुऊन काढत नाही. वर 'शुगर ताब्यात' आणि खाली 'औषध नाही' असं असलं की तपासणाऱ्याला उलट खात्री पटते की तुम्हाला नियम ठाऊक होता.

युरोपची रीत वेगळी. २००६ चा १९२४ क्रमांकाचा नियम म्हणतो की मंजूर दाव्यांच्या यादीत असेल तेवढंच बोला. सदस्य देशांकडून सुमारे ४४,००० दावे आले, ते एकत्र करून ४,६३७ झाले, आणि २०१२ मध्ये पहिल्या यादीत त्यातले २२२ बसले. त्यातला एक दावा घ्या: क जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीच्या सामान्य कार्याला हातभार लावतं. यात तीन कुलुपं आहेत. दावा जीवनसत्त्वाचा आहे, तुमच्या चहाचा नाही, म्हणून 'आमचा चहा प्रतिकारशक्ती...' अशी सुरुवातच चुकते. 'सामान्य कार्याला हातभार' आहे, 'वाढवतं' नाही. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे आपलं लाडकं वाक्य मंजूर अर्थाच्या बाहेर पडतं. आणि तिसरं, घन पदार्थ असेल तर त्यात १०० ग्रॅममागे किमान १२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं, म्हणजे रोजच्या गरजेचं संदर्भमूल्य ८० मिलिग्रॅम, त्याच्या १५ टक्के. चिमूटभर घालून मोठी अक्षरं छापता येत नाहीत.

वनस्पतींचं प्रकरण आणखी अवघड आहे, आणि तुमच्या चहाला तेच लागू पडतं. युरोपात वनस्पतींबद्दलचे दोन हजारांहून अधिक दावे मूल्यमापनाविना तसेच लटकले आहेत. बरेच विक्रेते 'निर्णय झालेला नाही म्हणजे चालतं' असं धरून होते. एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा दाव्यांनी जाहिरात करता येणार नाही, नियमातल्या संक्रमणकालीन तरतुदीत बसत असेल तेवढाच अपवाद. तेव्हा युरोपात माल पाठवत असाल तर चहातल्या वनस्पतींची नावं सांगा, त्यांचे 'गुण' नको.

'पण मी लिहिलेलं खरं असेल तर?' हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. याचं उत्तर एका वाइनच्या खटल्यात आहे. जर्मनीतल्या एका उत्पादक संघाने कमी आम्ल असलेल्या वाइनवर 'बेक्योम्लिश' असं छापलं. आपण 'पचायला हलकी' म्हणतो, तसा हा शब्द. सप्टेंबर २०१२ मध्ये युरोपियन न्यायालयाने हा आरोग्य दावाच ठरवला. १.२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांवर आरोग्य दावे चालत नाहीत, म्हणून मनाई. आम्ल कमी होतं, ते कोणी नाकारलं नाही. पण अर्धवट खरं सांगून अल्कोहोलचे धोके झाकले जातात, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. 'पचायला हलकं' हे आपल्याला चवीचं वर्णन वाटतं, म्हणून हा निकाल मी मुद्दाम सांगतो.

काही ठिकाणी तर खरं-खोटं तपासण्याआधीच दार बंद असतं. ब्रिटनमध्ये १९३९ च्या कायद्याने कर्करोगाच्या उपचाराची जनतेसाठी जाहिरातच करता येत नाही. भारतात १९५४ चा औषधी व चमत्कारी उपाय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था आहेत, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा वगैरे. त्यांच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी औषध सुचवणारी जाहिरात हा गुन्हा. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणत्या देशाचा नियम धरायचा, असं विचाराल तर ग्राहक जिथे बसला आहे तिथला. एकच पान सगळ्या देशांत दिसत असेल तर सगळ्यात कडक नियमाने लिहा, किंवा पानं वेगळी करा.

आता पुराव्याबद्दल, कारण तुम्ही 'प्रयोगशाळेत तपासलेलं' असंही लिहिलं आहे. तुमच्याकडचा अहवाल चहात शिसं आणि बुरशी नाही हे सांगतो. चांगलंच आहे ते. पण त्याने साखर कमी होते हे सिद्ध होत नाही, आणि दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की वाचणारा ती जोडतो. उंदरांवरचा अभ्यास, पेशींवरचा अभ्यास, तुमच्यापेक्षा दहापट मात्रेचा अर्क वापरून केलेला अभ्यास, हे तुमच्या वस्तूचे पुरावे नव्हेत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आरोग्य उत्पादनांसाठी सुधारित मार्गदर्शन काढलं. सर्वसाधारणपणे माणसांवरच्या, यादृच्छिक आणि नियंत्रित चाचण्यांची (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, एका गटाची दुसऱ्याशी तुलना करणाऱ्या) अपेक्षा त्यात आहे. डाळिंबाच्या रसाच्या पॉम वंडरफुल खटल्यात २०१५ साली अपील न्यायालयाने रोगविषयक दाव्यांसाठी अशी किमान एक चाचणी हवी ही अट मान्य केली, दोन हव्यात हा आयोगाचा आग्रह मात्र मान्य केला नाही. त्या कंपनीने संशोधनावर पाण्यासारखा पैसा ओतला होता, तरी ही वेळ आली.

खाण्यापिण्यापुरतंच हे आहे असं समजू नका. २०१२ मध्ये स्केचर्सने स्नायू घट्ट करणाऱ्या आणि वजन घटवणाऱ्या म्हणून विकलेल्या बुटांच्या जाहिरातींवरून ४ कोटी डॉलर मोजले. ज्या तज्ज्ञाच्या अभ्यासाचा हवाला जाहिरातीत होता, त्याचा जोडीदार कंपनीच्याच मार्केटिंगमध्ये अधिकारी होता आणि ते सांगितलं नव्हतं, असा आयोगाचा आरोप होता. २०१० मध्ये पॉवर बॅलन्सच्या रबरी मनगटपट्ट्यांबद्दल ऑस्ट्रेलियात कंपनीला जाहीरपणे मान्य करावं लागलं की तोल आणि ताकद वाढते या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. पैसेही परत द्यावे लागले.

हे झालं कायद्याचं. आता तुमच्या पानाकडे. वर्णन दुरुस्त केलं की काम झालं असं वाटतं, आणि तिथेच लोक दुसऱ्यांदा मार खातात. मी स्वतः खाल्ला आहे. सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याची पानं मी ओळ न् ओळ साफ केली. आठ दिवसांत लिस्टिंग पुन्हा गेली. दिसणाऱ्या मजकुरात काही नव्हतं. पण शोधासाठी मागे भरलेल्या टॅगमध्ये 'डायबिटीस' तसंच बसलेलं होतं, आणि फोटोच्या फाइलचं नावही रोगाचंच होतं. तेव्हापासून मी पान उलट्या क्रमाने वाचतो: आधी टॅग, पानाचा पत्ता, फोटोंची नावं आणि पर्यायी मजकूर (फोटो दिसला नाही तर त्याऐवजी वाचला जाणारा), मग व्हिडिओचे उपमथळे, मग प्रश्नोत्तरं, आणि वर्णन सर्वांत शेवटी. चित्रंही बोलतात. गुडघ्यावर लाल वर्तुळ, ग्लुकोमीटर, पांढरा कोट घातलेली व्यक्ती, 'आधी' आणि 'नंतर'चा फोटो. एक अक्षर न लिहिता पूर्ण दावा होतो. वस्तूचं नावही पाहा. 'शुगरनाश' असं नाव असेल तर खाली कितीही जपून लिहा, उपयोग नाही.

यांत्रिक भाषांतराचं एक प्रकरण सांगतो. एका चहाच्या पानावर 'थंडीत आवर्जून प्या' असं होतं. मराठी वाचणाऱ्याला थंडी आणि सर्दी यांतला फरक शिकवावा लागत नाही. यंत्राने इंग्रजीत दोन्हींचं 'कोल्ड' केलं आणि वाक्य 'सर्दी झाल्यावर घ्या' असं वाचलं जाऊ लागलं. हवामानाबद्दलची ओळ रोगाचा दावा म्हणून अडकली. आम्ही 'हिवाळ्यात गरमागरम प्या' असं केलं, मग सुटली. पान दुसऱ्या भाषेत आपोआप जात असेल तर ते भाषांतर स्वतः उघडून वाचा.

ग्राहकांचे अभिप्राय हा सगळ्यात निसरडा भाग. कोणी लिहितं, 'आईची शुगर महिन्यात उतरली, गोळ्या बंद केल्या.' ते तिचं मत आहे, तुमचा दावा नाही. पण तुम्ही तो अभिप्राय वर आणून चिकटवलात, त्याचं चित्र करून जाहिरातीत टाकलंत, खाली 'खूप आनंद झाला' लिहिलंत, की तो तुमचा झाला. २०१२ मध्ये अमेरिकी प्रशासनाने एका सप्लिमेंट विक्रेत्याला दिलेल्या पत्रात, ग्राहकाच्या फेसबुकवरच्या अशा मजकुराला विक्रेत्याने 'लाइक' केलं होतं, याचीही नोंद घेतली होती. म्हणून अशा अभिप्रायाला हात लावू नका. त्यातले शब्द बदलून तो सौम्य करणं तर मुळीच नको. रोगाचं नाव असलेले अभिप्राय लपवायचं धोरण ठेवलंत तर ते स्तुती आणि तक्रार दोन्हींना सारखं लावा. फक्त वाईट अभिप्राय दाबणं हा वेगळा नियमभंग ठरतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी स्वतंत्र नियमच आहे.

आता तीन पानं नव्याने. चहाचं वर्णन मी असं लिहीन: कोणत्या वनस्पती, कोणता भाग, किती ग्रॅमची पिशवी, पाणी किती गरम, किती मिनिटं ठेवायचं, चव तुरट की गोडसर, कॅफिन खरंच नसेल तर 'कॅफिनविरहित'. 'जेवणानंतरच्या निवांत वेळेसाठी' चालेल, 'जेवणानंतर वाढणाऱ्या साखरेसाठी' नाही. 'डिटॉक्स' आणि 'शरीरशुद्धी' काढा. युरोपात ते आरोग्य दाव्यातच मोडतं, आणि तसंही कोणतं विष कुठून बाहेर काढलं हे कोणी विचारलं तर उत्तर काय देणार? 'दुष्परिणाम नाहीत' हेही काढा. ते वाक्य औषधाच्या दुनियेतलं आहे, शिवाय वनस्पती औषधांशी आंतरक्रिया करू शकतात. त्याऐवजी गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, अशी सूचना लिहा. ती खरोखर कामाची आहे.

तेलासाठी: त्वचा मऊ राहते, चिकट वाटत नाही, वास हलका आहे, मसाजसाठी हात सहज फिरतो. सूज, वेदना, संधिवात, रक्ताभिसरण यातलं काही नको. 'मसाजनंतर अंग हलकं वाटतं' हे मी सहसा ठेवतो, काही सहकारी तेही काढतात. उशीसाठी: उंची, फोमची घनता, कुशीवर झोपणाऱ्यांसाठी की पाठीवर, कव्हर धुता येतं का. 'मानेला आधार देणारा आकार' चालतो, 'मानदुखी घालवणारा' नाही.

कंटाळवाणं वाटतंय? थोडं आहे खरं. पण ज्याला चहाच हवा आहे त्याला चव आणि वेळ वाचायची असते. ज्याला साखरेचं औषध हवं आहे तो तुमचा ग्राहक नाहीच, आणि तुमचं पान वाचून त्याने गोळी बंद केली तर काय होईल, याचा विचार मला दंडापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

काढलेल्या लिस्टिंग नव्या नावाने किंवा दुसऱ्या खात्यातून परत टाकू नका, त्याने खातंच जातं. आधी जुन्या मजकुराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण काय बदललं हे अपिलात दाखवावं लागतं. मग समाजमाध्यमांवरच्या जुन्या पोस्ट, तुमच्याकडून पैसे किंवा माल घेऊन व्हिडिओ करणाऱ्यांची वाक्यं आणि जाहिरातींसाठी निवडलेले शोधशब्द साफ करा. 'शुगरवर घरगुती उपाय' शोधणाऱ्यालाच तुमची जाहिरात दिसत असेल, तर पान कितीही स्वच्छ असो, हेतू उघड आहे. त्यानंतर अपील करा. कोणती ओळ काढली आणि तिच्या जागी काय आलं, एवढंच त्यात लिहा. 'मला माहीत नव्हतं' यावर परिच्छेद खर्च करू नका.

राहता राहिले खासगी संदेश. पान साफ असतं आणि चॅटमध्ये विक्रेता मोकळेपणाने डॉक्टर होतो. 'माझ्या वडिलांना शुगर आहे, हा चहा चालेल का?' असं कोणी विचारलं की बोटं आपोआप 'हो, खूप फरक पडतो' टाइप करतात. त्याऐवजी हे उत्तर साठवून ठेवा: "हा चहा पेय म्हणून आहे, कोणत्याही आजारासाठी नाही. वडिलांची औषधं चालू असतील तर घटकांची यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखवून विचारा. यादीचा फोटो पाठवत आहे." आणि फोटो खरंच पाठवा.